दाराजवळची खुर्ची

"मध्ये बसणाऱ्याला पाठ टेकायला भिंत नसते," असं ती एकदा म्हणाली होती. स्वयंपाकघरात, गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसलेली असताना. धाकट्या बहिणीने ते हसण्यावारी नेलं. "मग घरनं एक उशी नेत जा," ती म्हणाली, आणि घमेल्यात आणखी थोडं कढत पाणी ओतलं.

तीन बहिणींतली ती मधली. थोरली लग्न होऊन लांब गेली. मागे राहिल्या या दोघी, एकाच छताखाली, एकमेकींना 'मधले' आणि 'धाकटे' अशा हाका मारत म्हाताऱ्या होत चाललेल्या. धाकटी दातांच्या दवाखान्यात कामाला होती. मधली न्यायालयाच्या मागच्या इमारतीत मध्यस्थ होती.

"आमच्याकडे माणसं तोंड उघडून बसतात आणि बोलत नाहीत," धाकटी म्हणायची. "तुमच्याकडे बोलत राहतात आणि तोंड उघडत नाहीत."

यावर मधली हसायची. तिचं हसणं म्हणजे रोखून धरलेला श्वास सोडल्यासारखं असायचं.

ओळखीच्यांना विचारलं तर ते सांगतील, शांत बाई. आवाज कधी चढला नाही, हात कधी आपटला नाही. खरं म्हणजे ती भित्री होती. समोर माणसं भांडत असताना टेबलाखाली तिच्या मांडीवर एक रुमाल असायचा, आणि बैठक संपेपर्यंत त्याचा पीळ झालेला असायचा. तिच्या भीतीला लोक शांतपणा म्हणत आले. तिने ते कधी दुरुस्त केलं नाही. भीती दिसू न देणं हाच अर्धा धंदा होता.

ही भीती तिने घरूनच आणली होती. तिचे आई-वडील एकमेकांशी बोलत नसत. भांडण कशावरून सुरू झालं ते दोघांनाही आठवत नसावं, पण अबोला मात्र घड्याळाला किल्ली द्यावी तसा रोज नव्याने पाळला जाई. थोरली 'माझा अभ्यास आहे' म्हणून सुटायची, धाकटी पाळण्यात. निरोप न्यायचे ते मधलीने.

"तुझ्या आईला विचार, चावी कुठे ठेवलीय."

"तुझ्या बाबांना सांग, त्यांनी ठेवली होती तिथंच."

दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर तिचं बालपण गेलं. निरोप आहे तसा नेला की भांडी आपटतात आणि त्याची धार थोडी बोथट करून नेला की जेवणं होतात, हे ती फार लवकर शिकली. तिची स्वतःची युक्ती होती ती, आणि तिला तिचा अभिमानही होता.

एके दुपारी वडील चपला घालताना म्हणाले, "आईला सांग, मी परत येईन तेव्हा ती मला समोर दिसता कामा नये."

उंबरा ओलांडता ओलांडता मधलीने ते वाक्य घासून गुळगुळीत केलं. "बाबांना यायला उशीर होईल," तिने आईला सांगितलं. "तू वाट बघू नकोस." आईने वाट बघितली नाही. ती आपली समोरच्या खोलीत भाजी निवडत बसली, दाराकडे तोंड करून, निर्धास्त. वडील आले. त्या संध्याकाळनंतर आईला डाव्या कानाने कधी ऐकू आलं नाही. पुढे जन्मभर ती बोलणाऱ्याकडे उजवा कान वळवून बसायची, आणि पाहुण्यांना वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकते.

मधली मोठी झाली तरी काम तेच राहिलं. आता त्याला फक्त नाव होतं.

त्या नावाचा अर्थ तिला प्रशिक्षणाच्या वर्गात एका वाळक्या, खोकणाऱ्या सरांनी सांगितला होता. मध्य म्हणजे मध्य, आणि स्थ म्हणजे असणारा, उभा राहणारा. न्यायालयं, वकील, मुद्रांक हे सगळं पुढचं. दोन माणसं भांडली आणि तिसरा जाऊन मध्ये उभा राहिला तेव्हापासून हा शब्द आहे, ते म्हणाले. मग त्यांनी फळ्यावर शेजारी आणखी एक शब्द लिहिला, उदासीन, आणि दोघांच्या मध्ये एक रेघ मारली. "जुन्या टीकाकारांनी इथं बारीक फरक केलाय. भांडणात कुणाचीच बाजू न घेणारा, तो उदासीन. भांडणाऱ्या दोघांचंही भलं इच्छिणारा, तो मध्यस्थ. परीक्षेत विचारत नाहीत, पण ऐकून ठेवा."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, दोघांचं भलं एकाच वेळी असतं का कधी?"

सर हाताचा खडू झटकत म्हणाले, "असतं. त्या दोघांना ते आवडेलच असं नाही."

वर्ग हसला. मधलीने अर्धाच धडा बरोबर घेतला. रोज नव्या माणसांसमोर ती सांगायची, "मध्यस्थ म्हणजे मध्ये असणारा." पुढचं वाक्य सांगत नसे. कुणाचं भलं इच्छिलं की त्याच्यासाठी घाबरावं लागतं, आणि तिच्याकडे भीती आधीच पुरेशी होती.

बैठकीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. राखी भिंती, गोल टेबल, चार खुर्च्या. टेबल मुद्दाम गोल घेतलेलं, म्हणजे कुणी वरच्या बाजूला बसलं असं व्हायला नको. पण एक पाय तोकडा असल्यामुळे जो जोरात बोलेल त्याच्याकडे ते झुकायचं. मावशींनी त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. मावशी म्हणजे मजल्यावरच्या शिपाईबाई. फरशी पुसताना आपोआप मिटणारं दार उघडं राहावं म्हणून त्यांनी एक लाकडी पाचर ठेवली होती. ती कायम दाराच्या कोपऱ्यात पडलेली असे. खिडकी होती, पण तिच्या फटी रंगाने बुजून गेल्या होत्या. ती कुणी कधी उघडलेली पाहिली नव्हती.

मावशींकडे दुसरंही एक काम होतं. बैठक न मिटता संपली, की दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या जिन्यांनी खाली न्यायचं. जो दुबळा त्याला आधी, मागच्या जिन्याने. "मिटलं की पेढे साहेबांना, आणि फिसकटलं की जिने मला," मावशी म्हणायच्या. साहेब म्हणजे या सगळ्या मध्यस्थांचे प्रमुख.

आणि मधलीचा स्वतःचा एक नियम होता, कुठेही न लिहिलेला. दोघांपैकी जो जास्त घाबरलेला असेल त्याला ती दाराजवळच्या खुर्चीवर बसवायची. माणसाला दार हाताशी आहे असं दिसलं की तो बोलतो. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. घाबरलेलं माणूस तिला लांबून कळत असे, सुताराला लाकडाची गाठ कळावी तसं. निदान तिचा समज तसा होता.

काचवाला आणि त्याची बायको पहिल्यांदा आले ती सकाळ. तो काचा आणि आरसे कापून द्यायचा, ती शिवणकाम करायची. बायको घर सोडून मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली होती. तिने पोलिसांत तक्रार केली होती की हा दुकानात जाताना मला आत कोंडून बाहेरून कुलूप लावतो. त्याचं म्हणणं, चोरांची भीती. न्यायाधीशांनी दोघांना इथे पाठवलं होतं, मिटतंय का बघा म्हणून.

बायको सरळ आत आली, खोलीभर बघितलं, आणि म्हणाली, "पंखा चालतो का हो हा?" तिच्या हनुवटीवर बारीक खळी होती आणि बोटाच्या टोकाला सुईचे टोचे. काचवाला मात्र दाराशीच अडखळला. कपाळावर घाम. दोन्ही हातांवर बारीक बारीक चिरा, आणि ते हात थरथरत होते. तो ते एकमेकांत धरून ठेवायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा.

मधलीने क्षणभर त्या हातांकडे पाहिलं आणि त्याला दाराजवळ बसवलं. बायको गेली आत, न उघडणाऱ्या खिडकीकडे.

"मी न्यायाधीश नाही," तिने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "लवादही नाही. लवाद दोघांचं ऐकून निकाल देतो आणि तो दोघांना मानावा लागतो. मी मध्यस्थ. मध्यस्थ म्हणजे मध्ये असणारा. ठरवायचं तुम्ही. आता तीन गोष्टी. इथलं बोलणं इथेच राहतं. जिवावरची सरळ धमकी असेल तरच मी ते बाहेर नेते. दुसरं, तुम्हा एकेकाशी मी वेगळी बोलेन, आणि ते दुसऱ्याला सांगणार नाही. तिसरं, मी मध्येच उठून गेले तर बैठक संपली असं समजायचं. प्रकरण जसंच्या तसं न्यायाधीशांकडे परत जातं, तक्रारीसकट. मी का उठले हे मी लिहीत नाही, आणि मला कुणी विचारतही नाही."

"म्हणजे तुम्ही रुसून गेलात तर?" बायको म्हणाली.

"अजून तरी कधी रुसले नाही."

"नशीब तुमचं. मी एकदा रुसले तर इथवर यावं लागलं."

काचवालाही हसला. त्याचे दात फार छान होते. धाकटीला आवडले असते.

पुढच्या बैठकांत तो प्रत्येक गोष्ट मान्य करत गेला. कुलूप नको? नाही लावणार. शिवणकाम करायचंय? कर की. मशीन दर्शनी खोलीत ठेव. एकदाच तो म्हणाला, "आमच्या धंद्यात एक असतं बाई. काच तोडता येते, जोडता येत नाही. म्हणून मी आधीच नमतं घेतो." बायकोने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. हा माणूस आपल्याला नवा आहे असं तिला वाटत असावं. आणि तिची स्वतःची अडचणही होती. मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं. खोली सुटणार होती. आई-वडील कधीच गेलेले, भाऊ-बहीण नाही. "लोक बदलतात म्हणतात," ती वेगळं बोलताना मधलीला म्हणाली. "माझी मशीनसुद्धा तेल घातल्यावर बदलली." ती परत जायला तयार झाली. मसुद्यात लिहिलं गेलं की ती घरी येईल आणि पोलिसांतली तक्रार मागे घेईल.

सहीच्या आधी काचवाल्याशी एकदा वेगळं बोलायचं राहिलं होतं. बायको बाहेरच्या बाकावर मावशींजवळ बसली. दार मिटलं.

"बाई, इथलं बाहेर जात नाही ना?"

"जिवावरची धमकी असेल तर जातं."

"छे. धमकी कसली. मी माझ्या कामाचं सांगतोय." त्याने खुर्ची पुढे ओढली. "घर नीट करून घेतलं मी. तिच्यासाठी. सगळ्या काचा बदलल्या. आधीची साधी होती, पेला फुटावा तशी फुटायची. आता जाड बसवलीय. आत तारेची जाळी असते ना, ती. हातोडी मारली तरी तडे जातात, पण काच जागा सोडत नाही. शिवाय दुधी आहे. बाहेरून आतलं दिसत नाही, आतून बाहेरचं."

"हवेला?"

"वर झरोका ठेवलाय. मांजर जाईल एवढा." त्याने हाताने माप दाखवलं. ते अगदी नेमकं असणार, हे तिला कळलं.

"कुलूप लावणार नाही असं तुम्ही कबूल केलंय."

"नाहीच लावणार. शब्द म्हणजे शब्द. दाराची आतली मूठ तेवढी काढून टाकली. आता ते बाहेरूनच उघडतं." तो थांबला. "तक्रार मागे घेतली की पोलीस चौकशीला येत नाहीत ना?"

"नाही."

"आणि मैत्रीण चालली लग्न होऊन." त्याने मान डोलावली, एखाद्या गिऱ्हाइकाशी सौदा जमल्यासारखी. "म्हणजे आता तिची आठवण काढणारं कुणी नाही. मी सोडून. एवढं प्रेम कोण करतं हो हल्ली?"

मधली त्याच्या हातांकडे पाहत होती. ते अजून थरथरत होते. पहिल्या दिवशीही असेच थरथरत होते आणि तिने त्याला भीती म्हटलं होतं. ती भीती नव्हती. भुकेल्यासमोर ताट वाढलं जात असताना त्याचे हात असे थरथरतात. तिने चुकीच्या माणसात गाठ ओळखली होती. आणि आपण त्याला दाराजवळ बसवलंय, हे तिला कळलं.

त्याने धमकी दिली नव्हती. त्याने खिडक्यांविषयी सांगितलं होतं. ही सगळी भीती कुणाला तरी सांगायची तर सांगणार काय? काच जाड आहे, एवढंच. आणि तो ते सांगत होता, कारण जगात एवढी सुरक्षित जागा त्याला दुसरी मिळणार नव्हती. इथे बसलेली बाई ऐकणार होती आणि गप्प राहणार होती. तिनेच त्याला तसं वचन दिलं होतं.

उठता उठता तो म्हणाला, "बाई, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला तडा गेलाय. खालच्या कोपऱ्यात."

"तुम्हाला कसं माहीत?"

"काचेचा माणूस मी. रस्त्याने जाताना खिडक्याच बघतो. कधीतरी येऊन बदलून देईन. घरी असतं ना कुणीतरी?"

साहेबांची खोली त्याच मजल्यावर, टोकाला. ते वाईट माणूस नव्हते. थकलेले होते.

"साहेब, समजा एखाद्याने वेगळं बोलताना काही सांगितलं, आणि ती धमकी नाही, पण…"

"बाई, समजावर काही चालत नाही. मारीन, जाळीन, असा काही शब्द?"

"नाही."

"मग काय म्हणाला?"

"ते सांगता येत नाही."

"बघा. नियम पाळायचा तुम्ही आणि मोडायचा मी." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाईला स्वतःला परत जायचंय ना?"

"हो."

"मग दोघं राजी असताना आपण कशाला मध्ये पाय घालायचा?"

"मध्ये पाय घालायलाच ठेवलंय ना साहेब आपल्याला?"

साहेब हसले. तिने विनोद केला नव्हता. त्यांना मात्र तो विनोद वाटला. "उद्या सही घेऊन टाका," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी एक गोड शेवट होतोय."

घरी येऊन तिने पिशवीही न ठेवता स्वयंपाकघरात जाऊन खिडकी पाहिली. अजून उजेड होता. खालच्या कोपऱ्यात, केसाएवढा बारीक, तडा होता. रस्त्यावरून तो दिसण्यासाठी माणसाला थांबावं लागलं असतं. बराच वेळ थांबावं लागलं असतं.

"एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस?" धाकटी कणीक मळत होती.

"ह्या काचेला तडा आहे."

"आहे की. मीच पाडला. झाडूचा दांडा लागला मागच्या उन्हाळ्यात."

"मला कसा दिसला नाही?"

"तुला घरातलं कधी दिसलंय, मधले? तुला दिसतं ते परक्यांचं."

मधलीने जुना कागद घेतला, चिकटपट्टी घेतली, आणि खालची सगळी काच आतून बुजवून टाकली. मग पाठ भिंतीला लावून जमिनीवर बसली. धाकटीचे हात कणकेत थांबले. या घरात तिला सगळ्यावर विनोद सुचायचा. आता सुचला नाही.

"कोण काय बोललं तुला?"

"सांगता येत नाही."

"बरं, नको सांगूस. घाबरलीयस, एवढं तरी सांग."

"घाबरलेय."

"स्वतःसाठी?"

बाहेर एक सायकल गेली, आणि तिचा आवाज पुरता नाहीसा होईपर्यंत मधलीने ऐकला. "तुझ्यासाठी," ती म्हणाली. "माझ्यासाठी. आणि एका बाईसाठी."

"तीन जणींसाठी एकटीने घाबरायचं म्हणजे जास्तच झालं की."

मग मधलीने तिला सरांची ती रेघ सांगितली. उदासीन आणि मध्यस्थ. इतक्या वर्षांत घरी पहिल्यांदा ती हे बोलत होती. धाकटीने ऐकून घेतलं. कणकेचा गोळा उलटा केला, त्यावर ओलं फडकं टाकलं.

"आईचा कान गेला त्या दिवशी," ती सावकाश म्हणाली, "तू आईला काय सांगितलंस ते तिने मला पुढे सांगितलं होतं. तिला ठाऊक होतं, ते बाबांचे शब्द नव्हते."

"मग ती उठून का गेली नाही?"

"तुला खोटं पाडायचं नव्हतं तिला. तू इतकी लहान होतीस." धाकटीने हात धुतले. "तू कधी उठून गेलीयस गं, मधले? कुठूनही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली पुसून झाली होती. फरशी ओली, पाचर कोपऱ्यात. मधली आधीच येऊन बसली होती. काचवाला आला तशी ती म्हणाली, "आज तुम्ही आतल्या बाजूला बसा. त्यांना इकडे येऊ दे."

"असू दे बाई. मला सवय झालीय या खुर्चीची," तो म्हणाला, आणि दाराजवळ बसला. पाय लांब पसरून.

बायको आली. नवी साडी नव्हती, पण होती ती इस्त्री केलेली. तिने बरोबर एक पिशवी आणली होती. पिशवीच्या तोंडाशी कात्रीची मूठ दिसत होती, रिळं, आणि दुमडलेले उशीचे अभ्रे. ती इथूनच परत जाणार होती, हे मधलीला त्या अभ्र्यांवरून कळलं.

मसुदा टेबलावर होता. मधलीने तो वाचून दाखवला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. कुलूप लावणार नाही. मशीन दर्शनी खोलीत. तक्रार मागे. प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि वाचताना तिला ते वाक्यं नव्हेत तर भिंती वाटत होत्या, एकेक उभी राहत असलेल्या. मांडीवरचा रुमाल तिने इतका पिळला होता की बोटं पांढरी पडली होती.

"काही विचारायचंय?"

"नाही," काचवाला म्हणाला.

बायकोने पेन उचललं. टोपण काढलं, उलट बाजूला बसवलं. मग एकदम मधलीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते पहिल्या दिवसापासूनचं थट्टेखोर काहीतरी पुसलं गेलं. खाली जे होतं ते इतका वेळ झाकून ठेवायला केवढी ताकद लागली असेल.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही इतकी माणसं बघता. खरं सांगा. जाऊ का मी?"

मधलीने तोंड उघडलं. सांगता येत नव्हतं. काच जाड आहे, असंही नाही. जाऊ नको, असंही नाही. पोटातून वर आलेले सगळे शब्द कुणाच्या तरी मालकीचे होते. तिने इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेली होती, धार बोथट करून, आणि आज जे एकच वाक्य न्यायचं होतं त्याला धारेशिवाय काहीच नव्हतं.

"बाई सांगणार नाहीत," काचवाला मऊ आवाजात म्हणाला. "त्या मध्ये असतात. कर सही. आणि बाई, तुमची ती खिडकी मी विसरलेलो नाही बरं. कागद लावलाय ना तुम्ही?"

कागद लावून एकच रात्र झाली होती.

आपण आता बसूनच राहू, असं तिला स्वच्छ वाटलं; शरीर तेच सांगत होतं. डोळ्यांसमोर खिडकी नव्हती, घर नव्हतं. एक बाई भाजी निवडत दाराकडे तोंड करून बसली होती, निर्धास्त, कुणीतरी तिला सांगितल्यामुळे.

पेनाचं टोक कागदाला टेकलं.

मधली उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज फार मोठा झाला. टेबल तिच्या हाताच्या भाराने कललं आणि पेनाची रेघ अक्षर होण्याआधीच वेडीवाकडी घसरली. बायकोने वर पाहिलं. आधी न समजून. मग तिची नजर रिकाम्या खुर्चीकडे गेली, पुन्हा मधलीकडे आली, आणि तिथेच थांबली. पेन तिने हळूच खाली ठेवलं. दुसऱ्या हाताने पिशवी जवळ ओढली.

"बाई?" काचवाला म्हणाला. "बाई, कुठे?"

दारापर्यंतची वाट त्याच्या खुर्चीजवळून होती. त्याने पाय आत घेतले नाहीत. मधलीने साडी उचलली आणि ते पाय ओलांडले, पाठ त्याच्याकडे करून. कुणीतरी आता मागून धरील, असं तिला पाठीच्या प्रत्येक मणक्यात वाटत होतं. तिने दार ओढलं. बाहेर बाकावर मावशी होत्या. मधलीचा चेहरा पाहून त्या काही न विचारता उभ्या राहिल्या आणि कमरेची मागच्या जिन्याची किल्ली त्यांनी हातात घेतली. मधलीने कोपऱ्यातली पाचर पायाने दाराखाली सरकवली, घट्ट, दार पुरतं उघडं राहील अशी, आणि एक शब्दही न बोलता ती बाहेर पडली.